माहुलच्या धक्क्यावरचे मावळे

दोस्तांनो, एक प्रश्न विचारते. दिवाळीच्या किल्ल्यावर तुम्ही मावळे मांडता ना? त्यांचे पाय कधी नीट पाहिलेत का?

हसू नका! मीही कधी पाहिले नव्हते. आपण ढाल पाहतो, तलवार पाहतो, मिशी पाहतो. पायांकडे कोण बघतं? पण गेल्या दिवाळीच्या आधी मी माहुलला गेले आणि तिथल्या एका आजोबांनी मला मावळ्यांच्या पायांकडे बघायला शिकवलं. ती गोष्ट आज तुम्हाला सांगते. आणि गोष्टीबरोबर माहुलची सैरही!

कुठे आहे हे माहुल?

मुंबईचा नकाशा काढा. पूर्वेच्या बाजूला चेंबूर सापडेल. तिथून बोट खाली, खाडीच्या दिशेने सरकवा. जमीन संपता संपता जे गाव लागतं, ते माहुल. चेंबूरहून किंवा कुर्ल्याहून बेस्टची बस पकडायची आणि खिडकीजवळची जागा मिळवायची. दुकानं मागे पडतात आणि उंच भिंती सुरू होतात. भिंतींच्या आत भल्यामोठ्या गोल टाक्या, नळ्यांची जाळी आणि आकाशात गेलेली धुरांडी. हे तेलशुद्धीकरणाचे कारखाने. १९५०च्या दशकात इथे असे दोन कारखाने उभे राहिले. समुद्रातून आलेलं कच्चं तेल इथे शुद्ध होतं आणि त्याचं पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस असं बरंच काही बनतं. रात्री गेलात तर एखाद्या धुरांड्याच्या टोकावर ज्वाळा दिसते, मोठ्ठ्या समईसारखी!

एवढं सगळं पाहिल्यावर वाटतं, इथे कसलं आलंय गाव? पण बसमधून उतरून चार गल्ल्या चाललात की वास बदलतो. डिझेलचा वास मागे राहतो आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास पुढे येतो. दारात जाळी विणत बसलेली माणसं, ओट्यावर कोळंबी सोलणाऱ्या आज्या, आणि शेवटी खाडी. हा माहुलचा कोळीवाडा. कारखाने आले त्याच्या कितीतरी आधीपासून कोळी आणि आगरी मंडळी इथे राहत आली आहेत.

ओहोटीच्या वेळी धक्क्यावर उभं राहा. पाणी दूर गेलेलं असतं आणि समोर नुसता चकचकीत चिखल. चिखल म्हणून नाक मुरडू नका बरं का! त्या चिखलावर निवटे उड्या मारत असतात, बिळांतून चिंबोऱ्या डोकावत असतात. कडेला तिवरांचं हिरवंगार जंगल. हिवाळा सुरू झाला की या चिखलावर हजारो रोहित पक्षी उतरतात. फ्लेमिंगो म्हणतात ना, तेच. ते साधारण मेपर्यंत असतात. मी गेले ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे मला ते भेटले नाहीत. पण मला भेटले ते गुलाबी मावळे!

गुलाबी मावळ्यांची ऑर्डर

मी गेले होते एका नववीतल्या मुलीला भेटायला. "माझं नाव छापायचं नाही हं," असं तिने आधीच बजावलं होतं. म्हणून आपण तिला नुसतं ताई म्हणू. ताईचा हात चित्रकलेत चांगला. दोन वर्षांपासून ती गल्लीतल्या मुलांच्या किल्ल्यांसाठी मावळे रंगवून देते. कुणाला पगडी वेगळी हवी असते, कुणाला मोडलेला हात जोडून हवा असतो. होता होता तिची कीर्ती चेंबूरपर्यंत पोहोचली आणि तिला एक खरीखुरी ऑर्डर आली.

चेंबूरच्या एका सोसायटीतली मुलं दर दिवाळीला मोठा किल्ला करतात. या वेळी त्यांनी जलदुर्ग करायचं ठरवलं होतं, तोही खांदेरी. त्यासाठी त्यांना हवी होती एक होडी आणि होडीत बसणारे बारा आरमारी सैनिक. बाजारात तर आरमारी सैनिक मिळतच नाहीत! म्हणून नेहमीच्या मावळ्यांचे आरमारी सैनिक करून द्यायचे, असं काम होतं. वर्गणी गोळा झाली, आठवीतला एक मुलगा खजिनदार झाला. पंधराशे रुपये ठरले. पाचशे आगाऊ, हजार माल मिळाल्यावर. वसुबारसेच्या दिवशी माल द्यायचा. आणि वहीच्या कागदावर ऑर्डर लिहून आली: 'सैनिक १२ नग. प्रत्येकाला ढाल-तलवार हवी. चेहऱ्यावर शौर्य हवे.'

ताईने धारावीच्या कुंभारवाड्यातून प्लास्टरचे चौदा मावळे आणले. बारा कामाचे आणि दोन जादा. सगळे एकाच साच्यातले, त्यामुळे सगळे जुळे भाऊ! तोच उगारलेला उजवा हात, तीच मिशी. आणि सगळ्यांचा रंग गुलाबी.

ताईच्या आजोबांनी एक मावळा हातात घेतला. आजोबांचा सगळा जन्म होडीवर गेलेला. त्यांनी मावळ्याला उलटासुलटा केला, त्याच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, यो तुजा मावला होरीन उबा केलास त पयल्या लाटंला पान्यान परंल!"

कळलं ना? हा मावळा होडीत उभा केलास तर पहिल्या लाटेला पाण्यात पडेल! ताईने पाहिलं आणि तिला पटलं. मावळ्याचे दोन्ही पाय एकमेकांना चिकटलेले, गुडघे ताठ. कवायतीत उभं राहावं तसा. डोंगरी किल्ल्याच्या बुरुजावर हे चालेल हो, पण डुलणाऱ्या होडीत?

"मग होडीत कसं उभं राहतात?" मी विचारलं.

आजोबांनी तोंडाने उत्तर दिलं नाही. ते उठले आणि उभे राहून दाखवलं. पाय खांद्यांपेक्षा रुंद फाकलेले, गुडघे थोडे वाकलेले, तळवे जमिनीला घट्ट धरून, कंबर सैल. मी त्यांना हळूच ढकलून पाहिलं. जागचे हलले नाहीत!

ताईने लगेच वहीत त्यांचं चित्र काढलं. समोरून, मागून, बाजूने. मग ती म्हणाली, "म्हणजे रंग बदलून भागणार नाही. माणूसच बदलायला पाहिजे."

खांदेरीला काय घडलं?

पण थांबा. खांदेरी म्हणजे काय ते आधी बघू या. नाहीतर होडी कशाला, हेच कळायचं नाही.

मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी अशी दोन छोटी बेटं आहेत. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायचं ठरवलं. ऑगस्टच्या अखेरीस मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरले आणि तट बांधायला सुरुवात झाली. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळाच आला. त्यांच्या बंदराच्या दारातच मराठ्यांचा पहारा बसणार होता! त्यांनी मोठी गलबतं पाठवून बेटाला वेढा घालायचा प्रयत्न केला.

आता विचार करा. बेट छोटंसं. दगड फोडणाऱ्या माणसांना रोज जेवायला लागणार, प्यायला लागणार, चुना लागणार, दारूगोळा लागणार. हे सगळं येणार कुठून? किनाऱ्यावरून, होड्यांतून! रात्रीच्या काळोखात छोट्या होड्या उथळ पाण्यातून वल्हवत बेटापर्यंत जात. इंग्रजांची जड जहाजं वाऱ्यावर अवलंबून, त्यांना उथळात शिरता येत नसे. वारा पडला की ती जागच्या जागी आणि आपल्या होड्या सुळकन पलीकडे!

१८ ऑक्टोबर १६७९ला मोठी लढाई झाली. मराठ्यांच्या आरमाराचा प्रमुख होता दौलतखान. पन्नास-साठ लहान गलबतं घेऊन त्याने इंग्रजांवर हल्ला केला. इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गलबत मराठ्यांनी पकडलं. पुढेही झगडा चालूच राहिला, पण खांदेरी काही इंग्रजांना मिळाली नाही. तोच हा खांदेरी किल्ला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यातही खांदेरी आहे. शिवनेरी, रायगडाच्या रांगेत!

आजोबा तरुणपणी खांदेरीला जाऊन आलेत. तिथे वेताळाचं देऊळ आहे, कोळी मंडळींचं मोठं श्रद्धास्थान. तिथे असा एक खडकही आहे की दगडाने ठोकला की धातूच्या भांड्यासारखा वाजतो. हे सगळं सांगून झाल्यावर आजोबांनी ऑर्डरचा कागद नातीकडून वाचून घेतला आणि विचारलं, "सगल्यांचे हातान तलवार? मंग वल्वायचं कोनी?"

ताई गप्प. मीही गप्प.

"लरायचे आदी वल्वाला लागतं, पोरी," आजोबा म्हणाले.

मावळा कापला!

दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. मदतीला होता ताईचा वर्गमित्र. तो राहतो माहुलच्याच मोठ्या वसाहतीत. तुम्ही बसमधून पाहाल, एकाला एक चिकटलेल्या उंच इमारतींची ती वसाहत. मुंबईत ठिकठिकाणी जलवाहिन्यांच्या कडेची, रस्त्यांच्या कडेची घरं पाडली गेली, तेव्हा तिथल्या अनेक कुटुंबांना इथे पाठवलं. माहुलमध्ये सगळं छानच आहे असं मी सांगितलं तर ती थाप होईल. कारखान्यांमुळे इथली हवा वाईट, लोक आजारी पडतात, अशी तक्रार घेऊन रहिवासी कोर्टात गेले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की, लोकांना इथे राहायला भाग पाडू नका. ताईचा मित्र अजून इथेच आहे. त्याचे बाबा प्लंबर. आणि म्हणूनच या कामात त्याची फार मदत झाली. कशी, ते बघाच!

आधी हिशोब. मावळ्याची उंची पावणेतीन इंच. खरा माणूस साडेपाच फूट धरला, तर तो झाला ६६ इंच. ६६ भागिले पावणेतीन म्हणजे २४. म्हणजे मावळा खऱ्या माणसाच्या चोविसाव्या हिश्शाएवढा. मग खऱ्या जगातला एक फूट म्हणजे इथला अर्धा इंच! तीस फुटांची होडी झाली पंधरा इंचांची. आठ फुटांचं वल्हं झालं चार इंचांचं. हे प्रमाण एकदा पकडलं की होडीत माणसं खरी दिसतात. नाहीतर होडी तपेल्याएवढी आणि आत राक्षस, असं होतं.

आजोबांनी जुन्या फळीचा तुकडा तासून होडी करायला घेतली. इकडे ताईने मावळ्याचे पाय कापायला घेतले. बेत असा होता: मांडीपाशी बारीक करवतीने कापायचं, आत तार घालायची, पाय फाकवायचे आणि मधली जागा भरून काढायची.

पहिला मावळा कापताना त्याचे तुकडे तुकडे झाले. प्लास्टर ठिसूळ! दुसऱ्याचीही तीच गत. जादा आणलेले दोन्ही पहिल्याच तासाला संपले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आगाऊ मिळालेल्या पाचशेतले जवळजवळ सगळे खर्च झाले होते. वरचे हजार मिळाले तर शाळेच्या सहलीचे पैसे भरता येणार होते. आता एकही चूक परवडणार नव्हती.

तिसरा मावळा जरा ओला करून कापला. या वेळी तुकडे झाले नाहीत, पण कमरेतून सरळ दोन भाग झाले. वरचा धड एकीकडे, पाय दुसरीकडे. मित्राने तो वरचा भाग उचलला, सहज आजोबांच्या अर्धवट होडीत ठेवला आणि ओरडलाच, "अगं, हा तर बसला!"

खरंच की! होडीत बसून वल्हवणाऱ्याचे पाय बाहेरून दिसतातच कुठे? होडीच्या काठावर दिसतं ते कमरेपासून वरचं अंग. वल्हवणाऱ्यांना पाय नकोतच! झालं, आठ मावळे कमरेतून कापले गेले. ज्या गोष्टीने रडू आलं, तीच युक्ती ठरली.

आता हात. उगारलेला हात खांद्यापाशी कापायचा, खांद्याला बारीक भोक पाडून तार बसवायची आणि ती पुढे वाकवायची, दोन्ही मुठी वल्ह्यावर येतील अशी. मग तारेवर हात घडवायचा. कशाने? इथे आले प्लंबर बाबा! नळाची गळती थांबवायला ते एम-सील वापरतात. दोन वेगवेगळे गोळे असतात, ते सारखे घेऊन एकत्र मळायचे. रंग एकजीव झाला की मऊ मातीसारखा लगदा तयार होतो. थोडा वेळ त्याला हवा तो आकार देता येतो, नंतर तो दगडासारखा घट्ट होतो. पाण्यात बुडवलेल्या दातकोरणीने ताईने त्यावर बोटं काढली, दंडाचे स्नायू काढले. गळक्या नळाचं औषध मावळ्याला लागू पडलं!

वल्ही केली उदबत्तीच्या काड्यांची आणि आइस्क्रीमच्या चमच्यांची. शीड केलं जुन्या धोतराच्या तुकड्याचं. चहाच्या पाण्यात बुडवलं, सुकवलं आणि फेव्हिकॉलचा पातळ हात दिला. खाऱ्या वाऱ्याने पिवळं पडलेलं शीड अगदी तस्संच दिसतं. उरलेल्या चौघांचे पाय मात्र न चुकता फाकवले. एक झाला तांडेल, सुकाणू धरलेला. बाकी तिघांच्या अंगावर सामान: एकाच्या खांद्यावर पाण्याचा माठ, एकाच्या पाठीवर धान्याचं पोतं, एकाच्या हातात तटासाठी घडवलेला दगड. सगळ्यांच्या कापलेल्या ढाली-तलवारी ताईने टाकून दिल्या नाहीत. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवल्या.

जगभरचा खेळ

मी ताईला म्हटलं, "अगं, तू जे करतेस ते जगात कितीतरी मोठी माणसं करतात!" तिला खरंच वाटेना.

पटावर लढाई खेळायची कल्पना आपल्याला नवीन नाही. बुद्धिबळात हत्ती, घोडे, उंट, प्यादी असतातच. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून युद्धाचा सराव करायचे नियम छापले. पुढे 'अदृश्य माणसा'ची गोष्ट लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिट्ल वॉर्स' या पुस्तकात घरच्या जमिनीवर शिशाचे सैनिक आणि स्प्रिंगच्या तोफा घेऊन खेळायचे नियम दिले. आज असे टेबलावरचे युद्धखेळ जगभर खेळले जातात. त्यातले पुष्कळसे सैनिक जेमतेम २८ मिलिमीटरचे, म्हणजे तुमच्या अंगठ्याएवढेही नाहीत! पण साच्यातून आलेला सैनिक सगळ्यांकडे सारखाच. म्हणून हौशी मंडळी एकाचं डोकं दुसऱ्याला लावतात, हात बदलतात, पट्टीने नवे कपडे घडवतात. याला म्हणतात कन्व्हर्जन. ज्यांना स्वतःला जमत नाही, ते दुसऱ्याला ऑर्डर देऊन करून घेतात. आणि उरलेले हात, पाय, तलवारी ठेवायला प्रत्येकाकडे एक डबा असतोच असतो.

"श्रीखंडाचा?" ताईने विचारलं.

रंगाचा प्रश्न

आता रंग. आधी फेव्हिकॉल पाण्यात कालवून सगळ्या मावळ्यांना एक हात दिला, म्हणजे प्लास्टर रंग पिऊन टाकत नाही. ताईने पहिल्याला नेहमीसारखा गुलाबी रंग दिला आणि थांबली. तिने आजोबांच्या हाताशेजारी मावळा धरला. आजोबांचा हात उन्हाने रापलेला, तांब्याच्या जुन्या हंड्यासारखा. "गुलाबी फक्त रोहित पक्ष्यांना शोभतं," ती म्हणाली आणि रंग पुसून टाकला. मग विटकरी आणि पिवळी माती यांचं मिश्रण केलं. प्रत्येकाला किंचित वेगळं, कुणी जास्त सावळा, कुणी कमी. रंग सुकल्यावर पातळ तपकिरी पाणी फिरवलं. ते चुण्यांत, बोटांच्या फटींत उतरतं आणि सावली पडल्यासारखी वाटते. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंच भागांवर फिका रंग घासला. बघता बघता खांद्यांवर ऊन पडलं!

आणि चेहऱ्यावरचं शौर्य? ताईने खूप प्रयत्न केले. मोठे डोळे काढले, मावळा घाबरल्यासारखा दिसला. भुवया वाकड्या केल्या, तो चिडका दिसला. शेवटी तिने आजोबांना होडी ओढायला सांगितली आणि त्यांचा चेहरा पाहिला. डोळे बारीक, ओठ घट्ट मिटलेले, नजर लांब. तोच चेहरा तिने बाराजणांना दिला.

खजिनदार आले!

वसुबारसेच्या आदल्या दिवशी चेंबूरहून खजिनदार आला, दोन मित्रांना घेऊन. होडी पाहून तिघांचे डोळे चमकले. मग खजिनदाराने ऑर्डरचा कागद काढला आणि त्याचा चेहरा पडला.

"ताई, तलवारी कुठायत? आम्ही सैनिक सांगितले होते. हे तर कोळी वाटतात."

ताईचा आवाज जरा कापला, पण ती म्हणाली, "कोळीच आहेत. भंडारी पण आहेत. महाराजांच्या आरमारात होडी दुसरं कोण चालवणार होतं?"

"पण लोक म्हणतील, लढाई कुठे आहे? आणि आम्ही सगळ्यांकडून वर्गणी घेतलीय." त्याचंही चुकत नव्हतं हं, दोस्तांनो! पैसे त्याचे एकट्याचे नव्हते. त्याला सोसायटीत उत्तर द्यायचं होतं.

आजोबा काहीच बोलले नाहीत. तिघांना घेऊन ते धक्क्यावर गेले. भरती होती. धक्क्याला बांधलेल्या होडीत त्यांनी खजिनदाराला उतरवलं, हातात काठी दिली आणि म्हणाले, "तलवार हाय ती. उगार!" खजिनदाराने पाय जोडून, ऐटीत हात उगारला. बाजूने एक होडी गेली. एवढीशी लाट आली आणि पठ्ठ्या धप्पकन खाली बसला! मित्र खो खो हसले. मग त्यांची पाळी आली आणि तेही बसले. आता आजोबांनी पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. नंतर वल्हं हातात दिलं. जड वल्हं पाण्यातून चारदा ओढल्यावर खजिनदाराचे दंड भरून आले.

"असं रात्रभर?" त्याने विचारलं.

"रातभर. आनि वरून गोले," आजोबा म्हणाले.

परत येताना तिघेही गप्प होते. घरी आल्यावर खजिनदार म्हणाला, "वल्ही राहू देत. पण ताई, कागदावर बारा ढाली, बारा तलवारी लिहिल्यात. त्या पण हव्यातच ना?"

ताईने श्रीखंडाचा डबा उघडला. चौदा मावळ्यांच्या चौदा तलवारी. दोन मोडलेल्या. उरल्या किती? मोजा! बरोब्बर बारा. ढालीही तेवढ्याच. प्रत्येक वल्हेकऱ्याच्या शेजारी, हात घातला की सापडेल अशी एक तलवार आणि एक ढाल चिकटवली. उभ्या चौघांच्या तलवारी कमरेला आणि ढाली पाठीला. हात वल्ह्यावर, सामानावर. हत्यार हाताशी. ऑर्डर पूर्ण! खजिनदाराने एक एक नग मोजून घेतला, हजार रुपये दिले आणि पावतीवर ताईची सही घेतली. पक्का खजिनदार!

दिवाळीत मी चेंबूरला तो किल्ला पाहायला गेले. निळ्या रांगोळीचा समुद्र, मधे खांदेरी, आणि काळोख्या बाजूने बेटाकडे निघालेली ती होडी. बघणारा प्रत्येक जण विचारायचा, "लढाई कुठाय?" आणि खजिनदार छाती फुगवून सांगायचा, "लढाई इथेच आहे. आधी पाणी पोहोचवायला लागतं!"

करून बघा

तुम्हीही या दिवाळीत एखादा मावळा बदलून बघा. पण काही गोष्टी पाळा.

१. करवत, तार आणि भोक पाडायचं काम मोठ्या माणसांबरोबरच करा.

२. प्लास्टर कापताना, घासताना जरा ओलं ठेवा आणि नाकाला रुमाल बांधा. ती पूड छातीत जायला नको.

३. एम-सील उघड्या हातांनी मळू नका. पातळ हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.

४. जुने शिशाचे सैनिक घरात असतील तर ते कापू-घासू नका. शिसं विषारी असतं.

५. जादा मावळे आणा. पहिला मोडणारच!

६. आणि सर्वांत महत्त्वाचं: आधी खऱ्या माणसाकडे बघा. गवळी करायचा असेल तर दूधवाल्या काकांचा हात बघा, लोहार करायचा असेल तर लोहाराचा खांदा बघा.

निघताना मी आजोबांना विचारलं, "त्या बारा जणांत तुम्ही कोणते?" ते हसले आणि सुकाणू धरलेल्या तांडेलाच्या पायांकडे बोट दाखवलं.

पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. कुठलीही लाट येऊ दे!

मग सांगा बरं, तुमच्या किल्ल्यावर या वर्षी कोण कोण असणार? आणि त्यांचे पाय कसे असणार?